परत पाठवलेल्यांची वही

कुरवंड्याच्या आमच्या मावशींना सरकारी दवाखान्यातल्या इंजेक्शनच्या खिडकीवरून परत पाठवलं. वार मंगळवार. वेळ सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. त्यांच्या डाव्या मनगटावर माकडाच्या दातांच्या खुणा होत्या. हातात केसपेपर होता, त्यावर पहिल्या डोसची नोंद होती आणि दुसऱ्या डोससाठी त्याच मंगळवारची तारीख घातलेली होती. खिडकीतून सांगण्यात आलं, "चार माणसं झाल्याशिवाय बाटली फोडत नाही. उद्या बघा."

वेळ मी इतकी नेमकी सांगू शकते, कारण मावशींनी दवाखान्याच्या फाटकातूनच माझ्या आईला फोन केला आणि आईच्या फोनमध्ये ती वेळ उमटली. मावशी म्हणजे आईच्या माहेरची शेजारीण. आईपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या. रोज सकाळी कुरवंड्याहून निघून तुंगार्लीत एका बंगल्यावर झाडलोट आणि भांडी करायला येतात.

दवाखाना कोणता ते लिहीत नाही. एरवी मी असं नाव मथळ्यातच घालते, तेही जाड अक्षरात. या वेळी घालत नाही, कारण जाड अक्षरांचं काय होतं ते मी नंतर डोळ्यांनी पाहिलं. वाचताना तुमच्या डोळ्यांपुढे तुमचाच दवाखाना आला तर येऊ द्या.

चावा शनिवारचा. बंगल्यावर शनिवार-रविवारचे पाहुणे होते. त्यांनी भज्यांची ताटली गॅलरीच्या कठड्यावर ठेवली, कारण माकड जवळून बघायचं होतं. माकड आलं. मग पाहुणेच ओरडायला लागले आणि मावशींना हाक मारली. मावशी झाडू घेऊन गेल्या. माकडाने झाडू सोडला आणि मनगट धरलं. पाहुण्यांनी व्हिडिओ काढला. मावशींनी नळाखाली भांड्यांच्या साबणाने जखम खसखसून धुतली, पदर गुंडाळला आणि दवाखाना गाठला. त्या दिवशी सुई लगेच मिळाली. कारण शनिवारी लोणावळ्यात चावून घेणाऱ्यांची कमी नसते. कुणी माकडाबरोबर सेल्फी काढतं, कुणी कुत्र्याला मक्याचं कणीस देतं. एका बाटलीत चार-पाच जणांची लस असते आणि फोडली की ती त्याच दिवशी संपवावी लागते; शनिवारी चार माणसं सहज जमतात आणि बाटली फुटते. मंगळवारी पर्यटक नसतात. मंगळवारी फक्त इथली माणसं असतात.

हे गणित मला त्या दिवशी कळलं नव्हतं. तेव्हा मला फक्त राग आला होता.

मावशी आमच्या घरी आल्या, पाणी प्यायल्या आणि आईला म्हणाल्या, "चार मान्सं कुटनं आनू गं? का आता माकडालाच घेऊन फिरू, आनि तिगांना चाव म्हनू?"

आई हसली, पण क्षणभरच. रेबीज एकदा झाला की त्याला औषध नाही, हे आईला ठाऊक होतं. मलाही होतं. मावशींना तर आमच्याहून जास्त ठाऊक होतं. त्यांच्या लहानपणी वाडीतला एक माणूस पिसाळलेलं कुत्रं चावून गेला होता, तो शेवटी पाण्याच्या तांब्याला कसा घाबरायचा ते त्यांनी पाहिलं होतं. ते त्या कधी सांगत नाहीत. त्या दिवशीही सांगितलं नाही. नुसतं मनगट दुसऱ्या हाताने झाकून बसल्या.

आता माझं सांगते. आमची संघटना म्हणजे सात जण आणि एक व्हॉट्सअॅप ग्रुप. मी लिहायला शिकले ते पत्रकांवर. अठराव्या वर्षापासून पाण्याचं पत्रक, रस्त्याचं पत्रक, कचऱ्याच्या गाडीचं पत्रक. मथळा प्रश्नार्थक हवा, पहिल्या ओळीत 'जाहीर निषेध' हवा, मध्ये 'झोपेचं सोंग घेतलेलं प्रशासन' हवं आणि शेवटी 'अन्यथा तीव्र आंदोलन' हवं. हे मला झोपेतून उठवलं तरी येतं.

मंगळवारी दुपारी आधी मी दवाखान्याच्या भिंतीवरच्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडे एक शांत आवाजाच्या बाई होत्या. मी आरोग्यव्यवस्थेच्या दुरवस्थेवर बोलायला लागले. त्यांनी तीनदा मध्येच विचारलं, "मॅडम, रुग्णाला नेमकं काय हवंय?" मला वाटलं, या मला टाळतायत. मी आवाज चढवला. त्यांनी केसपेपरचा नंबर विचारला. केसपेपर मावशींच्या पिशवीत होता आणि मावशी घरी निघून गेल्या होत्या. मी फोन ठेवून दिला आणि निवेदन लिहायला बसले.

"रागात लिहू नकोस," आई म्हणाली.

"रागातच लिहायचं असतं."

दीड पान झालं. रिक्त पदं भरा, औषधांचा साठा जाहीर करा, दोषींवर कारवाई करा, मावळातल्या जनतेचा अंत पाहू नका. 'झोपेचं सोंग' होतंच.

बुधवारी सकाळी आम्ही पाच जण मावशींना घेऊन दवाखान्यात गेलो. मुख्य डॉक्टर त्यांच्या खोलीत होते. त्यांनी निवेदन उभ्यानेच घेतलं. आमच्यातला एक जण फोटो काढायला मागे सरकला. मग ठरलेलं सगळं झालं. निवेदनाच्या एका कोपऱ्याला डॉक्टरांचा हात, दुसऱ्या कोपऱ्याला आमचा, आणि सगळ्यांनी कॅमेऱ्याकडे बघायचं. "मावशी, हात जरा वर धरा, पट्टी दिसू दे," असं मीच म्हणाले. मावशींनी हात वर धरला. शेजारच्या खोलीतून आमच्या प्रतीवर 'प्राप्त' असा शिक्का मारून घेतला. दहा मिनिटांत फोटो ग्रुपवर गेला आणि अंगठे यायला लागले.

बाहेर टपरीवर चहा घेताना मावशींनी विचारलं, "मंग सुई कवा?"

 आमच्यातला एक म्हणाला, "मावशी, आता दबाव निर्माण झालाय."

"व्हय का? दबाव दंडात टोचत्यात का?"

मी धावत आत गेले. इंजेक्शनची खिडकी बंद झाली होती. खरं सांगायचं तर दीड पानात कुठेही 'या बाईंना दुसरा डोस आज द्या' असं वाक्य नव्हतं. आम्ही ते तोंडीसुद्धा म्हटलं नव्हतं. डॉक्टर आमच्यासमोर उभे होते, सुई त्यांच्या भिंतीपलीकडे होती, आणि आम्ही फोटो काढून बाहेर पडलो होतो.

गुरुवारी मी एकटीच मावशींबरोबर गेले. त्यांना खिडकीसमोरच्या बाकावर बसवलं. त्यांच्याशेजारी एक दूधवाले काका होते, पोटरीला फडकं बांधलेले. म्हणजे दोघं झाले. खिडकी उघडायला अजून वेळ होता. तेवढ्यात मी ऑफिसात गेले. भांडायला गेले होते असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण खरं ते नाही. मला रात्रभर एकच कुतूहल होतं. शिक्का मारल्यानंतर आपला कागद जातो कुठे?

ऑफिसात एक लिपिक बसतात. चष्मा कपाळावर, समोर खोबरेल तेलाची बाटली आणि शिक्क्यांचं स्टँड. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. मी विचारलं, "भाऊ, कालचं आमचं निवेदन कुठे आहे?"

"फायलीत."

"कुठल्या?"

त्यांनी मागे वळून कपाटातून एक फाइल काढली. उशीएवढी जाड. वर लिहिलं होतं, 'निवेदने'. माझं दीड पान सगळ्यात वर होतं. खाली बघितलं तर माझंच आणखी एक, गेल्या वर्षीचं. त्याखाली दुसऱ्या एका संघटनेचं, त्याखाली एका पक्षाचं. काहींना फोटोच्या प्रतीही टाचलेल्या होत्या. तोच कोपरा, तेच हात, तेच कॅमेऱ्याकडे बघणं.

"तुमचं अक्षर चांगलं आहे," भाऊ म्हणाले. "मागचंही वाचलं होतं मी. झोपेचं सोंग प्रत्येक वेळी घालता."

मला राग यायला हवा होता. पण हा माणूस आमची पत्रकं वाचतो, याचंच मला नवल वाटलं.

"याचं पुढे काय होतं?"

"पोच दिली ना तुम्हाला? झालं."

"आणि कारवाई?"

"कशावर करायची?" त्यांनी माझं पान माझ्यासमोर धरलं. "यात पदं आहेत, साठा आहे, मावळ तालुका आहे. ती बाई कुठाय? कुठल्या दिवशी आली, किती वाजता आली, कुठल्या खिडकीवर आली, कोण काय म्हणालं? तिला काय पाहिजे? बाईची सही कुठाय? तुमच्या पाच जणांच्या सह्या आहेत. तुम्हाला माकड चावलं का?"

मग त्यांनी टेबलाच्या खणातून दुसरी वस्तू काढली. तक्रार नोंदवही. शाळेच्या वहीएवढी. मी उघडली. चारच नोंदी होत्या, आणि शेवटची वॉर्डातल्या पंख्याच्या आवाजाबद्दल. प्रत्येक नोंदीपुढे क्रमांक, तारीख, डॉक्टरांचा शेरा आणि 'उत्तर दिले' असा रकाना. पंख्यापुढे लिहिलं होतं, 'दुरुस्त केला'.

"या वहीत लिहिलं की साहेबांना शेरा मारावाच लागतो," भाऊ म्हणाले. "वरून तपासायला आले की हीच वही मागतात. निवेदनाची फाइल कुणी मागत नाही."

"मग लोक यात का लिहीत नाहीत?"

"मागतच नाहीत. सगळे तुमच्यासारखे फोटो काढायला येतात, नाहीतर त्या पेटीत टाकून जातात."

पेटी मी शंभर वेळा पाहिली होती. औषधाच्या खिडकीच्या वर, लाल रंगाची, 'तक्रार व सूचना'. "ती कधी उघडता?"

"भरली की."

"भरली हे कसं कळतं?"

"कागद फटीतून वर आला की."

मी हसले. तेही हसले. मग मी म्हणाले, "आत्ता उघडाल?" त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, डॉक्टरांच्या खोलीत जाऊन किल्ली आणली आणि मला म्हणाले, "एकट्याने उघडायची नसते. चला, तुम्ही पंच."

पेटीत काय असतं याचा अंदाज तुम्ही केला असेल तर तो चुकेल. वेफर्सची दोन रिकामी पाकिटं. एका मुलाने काढलेलं सिस्टरांचं चित्र, सुई सिस्टरांपेक्षा मोठी. बाळंतपण नीट झालं म्हणून आभाराचं पत्र, अतिशय गिचमिड अक्षरात. पाणी नाही, अशी एक ओळ. आणि चिक्कीच्या डब्याचं फाडलेलं झाकण. त्याच्या आतल्या पांढऱ्या बाजूवर निळ्या पेनाने लिहिलं होतं:

'कुत्रं चावलं. सोमवारी आलो एकटा होतो. बुधवारी आलो दोघं होतो. चार लागतात बोलले. आता येत नाही.'

नाव नाही. गाव नाही. तारीख नाही. मी पुठ्ठा उलटसुलट करून पाहिला. मागे नुसता चिक्कीचा रंगीत फोटो.

"पेटी आधी कधी उघडली होती?"

"महिना झाला असेल."

म्हणजे हा सोमवार आणि हा बुधवार या महिन्यातला कुठलाही असू शकत होता. कालचासुद्धा. काल बुधवारच होता. आम्ही डॉक्टरांच्या खोलीत कोपरा धरून कॅमेऱ्याकडे बघत होतो, तेव्हा भिंतीपलीकडून दोन माणसं परत गेली असतील. मला ते जाणून घ्यायचंच होतं. मी खिडकीकडे गेले. सिस्टर नुकत्याच येऊन बसल्या होत्या.

"सिस्टर, काल किती जणांना परत पाठवलं?"

"कोण तुम्ही?"

"या मावशींबरोबर आलेय. परत पाठवलेल्यांची नोंद कुठे असते?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी न पडलेल्या पावसाची नोंद मागतेय. "परत गेलेल्यांचं काय लिहायचं? ज्यांना दिलं त्यांचं रजिस्टर असतं."

रजिस्टर त्यांच्यासमोरच उघडं होतं. शनिवारी भरपूर नावं. रविवारी थोडी. सोमवार, मंगळवार, बुधवार या तीन दिवसांत एकही नाव नाही. हे रजिस्टर महिन्याच्या शेवटी डॉक्टर बघत असणार, आणि त्यांना दिसत असणार की आठवड्याच्या मधल्या दिवसांत कुणाला काही चावतच नाही. मावशी मंगळवारी आल्याच नव्हत्या. पुठ्ठ्यावर लिहिणारा तर कधीच आला नव्हता. सोमवारी तो, मंगळवारी मावशी, बुधवारी त्याच्याबरोबरचा दुसरा आणि आज दूधवाले काका, असे ते सगळे एकाच आठवड्यातले असतील तर चार पुरे होत होते. पण प्रत्येक दिवस नव्याने शून्यापासून सुरू होत होता, आणि तो शून्य कुणी लिहून ठेवत नव्हतं.

आंदोलनं केली, घोषणा दिल्या, पण इतकी साधी गोष्ट मला कधी दिसली नव्हती. अन्याय झाल्याचा पुरावा नव्हता, कारण अन्याय म्हणजे इथे न लिहिलेली ओळ होती.

मी मावशींना ऑफिसात नेलं. भाऊंनी कोरा कागद दिला आणि खुर्ची पुढे केली. मी लिहायला लागले, 'अत्यंत संतापजनक बाब अशी की'.

"थांबा," भाऊ म्हणाले. "मावशी, तुम्ही असं म्हणालात का?"

"मी? न्हाई बा. मला येवडं कुटं येतंय?"

"मग खोडा. मावशी, तुम्ही सांगा, ताई लिहितील."

मावशी सांगायला लागल्या. "मी शनवारी हितं आलते. पयली सुई दिली. मंगळवारी या म्हनले. आले. खिडकीत बाई व्हती, आता बसलीया तीच. म्हनली चार झाल्याबिगार बाटली फोडत न्हाई. मी म्हनलं, मला एकलीलाच चावलंय वो, चौगींना कसं चावायला लावू? ती म्हनली, उद्या बगा. मी भायेर आले आनि फोन लावला."

"कुणाला?"

"हिच्या आयला."

भाऊंनी आईच्या फोनमधली वेळ विचारली. मी घरी फोन करून खात्री केली. अकरा दहा. भाऊंनी ती दोनदा लिहायला लावली, मजकुरात एकदा आणि समासात एकदा. केसपेपरचा नंबर लिहायला लावला. मग शेवटचा प्रश्न विचारला, तोच हेल्पलाइनवाल्या बाईंचा. "मावशी, तुम्हाला काय पाहिजे?"

"दुसरी सुई. आज."

"आणि खिडकीवरच्या बाईंवर कारवाई?" मी विचारलं.

मावशींनी माझ्याकडे बघितलं. "कारवाई मागनं कर की गं. मला आदी जगू दे."

मागणी एका ओळीची झाली: 'मला दुसरा डोस आज मिळावा.' खाली मावशींनी सही केली. सही त्यांना येते, आणि ती करताना त्यांना घाई केलेली चालत नाही. भाऊंनी नोंदवहीत पाचवी नोंद केली, क्रमांक घातला, आमच्या प्रतीवर तोच क्रमांक लिहिला आणि कागद स्वतः डॉक्टरांकडे घेऊन गेले.

डॉक्टर तीन मिनिटांत बाहेर आले. हातात कागद होता. काल ते माझ्या दीड पानासमोर कसे निर्विकार उभे होते ते मला आठवत होतं.

"ही बाई काल तुमच्याबरोबर होती ना?"

"हो."

"मग काल का नाही सांगितलं?"

 मी मान खाली घातली. मावशी म्हणाल्या, "डागदर, तिचा काय दोष न्हाई, तिला लिव्हायची सवय हाय, सांगायची न्हाई."

डॉक्टर खिडकीकडे गेले. तिथे जे बोलणं झालं ते सगळं बाकावरच्यांनी ऐकलं.

"सिस्टर, मधल्या दिवसांत रोज किती येतात?"

"येतात एखाद-दोन."

"मला कधी सांगितलं नाहीत."

"तुम्ही कधी विचारलंत? मागे दोघांसाठी बाटली फोडली, उरलेली वाया गेली, तेव्हा मेमो कुणाला दिलात?"

डॉक्टरांनी हातातला कागद पुन्हा वाचला.  'दोषींवर कारवाई' यातली दोषी माझ्यासमोर बसली होती आणि तिच्याकडेही सांगण्यासारखं काहीतरी होतं. तिची तक्रार नोंदवायला कुठली वही होती, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

"दोघांसाठी फोडा," डॉक्टर म्हणाले. "एकासाठीही फोडा. वाया गेल्याचं मी लिहीन."

मावशींना दुसरा डोस गुरुवारी मिळाला, दोन दिवस उशिरा. डॉक्टरांनी सांगितलं की उशीर झाला तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, फक्त आता पुढचे चुकवायचे नाहीत, आणि केसपेपरवर नव्या तारखा घालून दिल्या. दूधवाले काका सुई घेऊन बाहेर आले तेव्हा मावशींना म्हणाले, "तुमच्यामुळं माझं पण काम झालं." मावशी म्हणाल्या, "आनि तुमच्यामुळं मी आज एकली न्हवते."

दोनेक आठवड्यांनी लेखी उत्तर आलं. सरकारी पाकीट, मावशींच्या नावाने, कुरवंड्याच्या पत्त्यावर. 'सदर रुग्णास गैरसमजातून परत पाठविण्यात आले होते. यापुढे दक्षता घेण्यात येईल.' मावशींनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि विचारलं, "गैरसमज कुनाचा? माजा का माकडाचा?"

मी तणतणत भाऊंकडे गेले. त्यांनी उत्तर वाचलं आणि म्हणाले, "पटलं नाही ना? मग वर जा. वडगावला तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे लिहा. तिथे नाही जमलं तर जिल्ह्याला. पण हे उत्तर जोडायचं. हे हातात आहे म्हणून वर जाता येतं. तुमच्या निवेदनाला उत्तरच येत नाही, मग वर काय नेणार?"

मी लिहिलं. या वेळी एक पानसुद्धा भरलं नाही. एकच मागणी होती: ज्याला खिडकीवरून परत पाठवलं त्याचं नाव, वेळ आणि कारण लिहायची वही प्रत्येक खिडकीवर असावी. त्याचं उत्तर अजून यायचंय. मी मुदत मोजतेय आणि गप्प बसणार नाही, हे तिथल्यांनाही कळवलंय.

पण भाऊ उत्तराची वाट बघत थांबले नाहीत. मावशींच्या शेवटच्या डोसच्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा खिडकीच्या आत, रजिस्टरशेजारी, एक शंभर पानी वही होती. वर स्केचपेनने लिहिलं होतं, 'परत पाठवलेले'. अक्षर भाऊंचं. मी उघडून बघू का विचारलं. सिस्टर म्हणाल्या, "बघा ना, रिकामीच आहे. आता परत पाठवतच नाही कुणाला." असं म्हणताना त्यांना थोडं हसू आलं, मला वाटतं पहिल्यांदाच.

मावशींनी दंड पुढे केला, सुई टोचून घेतली, पदर सावरला आणि वहीकडे बोट केलं. "बाई, माजं लिव्हा की त्यात."

"तुम्हाला आता दिलं ना मावशी. सगळे डोस झाले तुमचे."

"आता दिलं, पर तवा न्हवतं दिलं. मी आलते ना? मंगळवारी. अकरा धाला. लिव्हा."

सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं.  त्यांनी पेन उचललं आणि पहिल्या पानावर, पहिल्या ओळीत, मावशींचं नाव, मंगळवार, अकरा वाजून दहा मिनिटं आणि कारणाच्या रकान्यात 'एकटी' असं लिहिलं. ज्या हाताने त्यांना परत पाठवलं होतं त्याच हाताने.

दुसरी ओळ अजून कोरी आहे. ती चिक्कीच्या झाकणावर लिहिणाऱ्या माणसाची आहे. त्याला मी शोधलं. बाजारातल्या चिक्कीच्या दुकानांतून विचारत फिरले, तुमच्यापैकी कुणाला कुत्रं चावलंय का. एक दुकानदार म्हणाले, "ताई, लोणावळ्यात कुणाला नाही चावलं ते विचारा, लवकर काम होईल." कामशेतच्या बाजारातही विचारलं. पुठ्ठा अजून माझ्याकडे आहे. भाऊंनी त्यालाही क्रमांक दिलाय, नावाच्या जागी रेघ ओढून.

म्हणून आता तुम्हाला. तो माणूस तुम्ही असाल, किंवा तुमच्या वाडीतलं, तुमच्या दुकानातलं, तुमच्या बंगल्यावर कामाला येणारं कुणी असेल, तर आज दवाखान्यात जा. किती दिवस झाले याचा विचार करत बसू नका, आज जा. आता एकट्यासाठीही बाटली फोडतात. आणि तुमचा दवाखाना दुसरा असेल, तिथे अजून चार माणसं लागत असतील, तर भांडू नका, फोटो काढू नका, मला बोलावू नका. घड्याळ बघा. कोरा कागद मागा. कधी आलात, कुणी काय सांगितलं आणि तुम्हाला आज काय हवंय, एवढं लिहा, खाली तुमचीच सही करा. आणि त्यावर क्रमांक पडल्याशिवाय फाटकाच्या बाहेर पाऊल टाकू नका.